नऊ नंबरच्या बोअरपाशी

आम्ही सापांची तयारी करून आलो होतो.
दाबपट्टीची तीन बंडलं, गुडघ्यापर्यंत जाड पट्टे,
तंबूच्या चेनपाशी कापडाची गुंडाळी.
क्लॅरीने यादी लॅमिनेट केली होती.
यादीत मांजर नव्हतं.

ते पहिल्याच संध्याकाळी आलं,
तांबूस, एक कान अर्धा,
कोरड्या क्रीकच्या वाळूत
कूलिबाच्या सावलीबरोबर लांब होत.
म्यांव म्हणून नाही.
"बिचारं," क्लॅरी म्हणाला
आणि सार्डिनचा डबा फोडला.
उरलेलं तेल त्याने वाळूत ओतलं.
त्या तेलाचा वास किती मैल चालत गेला
ते आम्हाला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी पवनचक्कीखाली पिसं,
गलाहची, गुलाबी,
कुणी उशी फाडल्यासारखी,
आणि डोकं नसलेला एक सरडा.
मी काही बोलले नाही.
क्लॅरी नाव शोधत होता, मांजरासाठी.

तिसऱ्या रात्री त्याने डबा खाली ठेवलाच नाही,
हातात धरून पुढे केला.
अंगठ्याच्या बुडाशी दोन छिद्रं,
टाचणीच्या टोकाएवढी. रक्तही धड आलं नाही.
"खेळतंय गं, ग्वेंडा."
बोट दिलं तर हात धरतात म्हणतात;
सकाळी कोपरापर्यंत मागणी गेली होती.
मनगटावरून वर निघालेली लाल रेघ,
आमच्या नकाशातल्या कच्च्या रस्त्यासारखी,
शेवटी दवाखाना नसलेली.
दवाखाना दोनशे साठ किलोमीटरवर,
पुढचं चाक बसलेलं,
आणि जॅक वाळूत बुडत चाललेला.

रेडिओवर स्टेशनची लॉर्ना टिबेट भेटली.
"उजाडताना पोचते. खरकटं जाळा.
आणि आज बाहेर निजू नका."
का, ते मी विचारलं नाही.

कुत्रे भुंकले नाहीत.
भुंकायला घरात कुणीतरी ऐकणारं लागतं.
आधी नुसते श्वास,
मग टॉर्चच्या कडेला हिरवे ठिपके,
पाच, की सात; ते मोजून घेत नव्हते.
क्लॅरी तापात, अनवाणी,
गाडीमागे लघवीला गेलेला.
माझ्या हातात तवा.

आणि तो ओरडला. मदतीला नाही.
आयुष्यात पाळलेल्या चारही कुत्र्यांशी
ज्या आवाजात बोलायचा, त्या आवाजात:
"सिट!"

एक बसली.

रुंद डोक्याची, तोंड पिकलेलं, सड लोंबणारे.
नीट बसली, शेपूट मागे घेऊन,
आणि त्याच्या सुजलेल्या हाताकडे पाहत राहिली,
त्यात काही असेल म्हणून.
बाकीचे थबकले.
हे काय, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात मी त्याला सदऱ्याला धरून
केबिनमध्ये ओढलं.
दार लागलं, आणि दारावर दात आले.
रात्रभर तंबू फाटत होता.
तीही फाडत होती. मी पाहिलं.
मी खोटं कशाला सांगू.

लॉर्ना आली, सापळ्यांच्या साखळ्या वाजवत.
बुटाच्या टोकाने ठसे उलगडले.
गेल्या हिवाळ्यात, म्हणाली, पलीकडच्या बोअरला
एका पोराची पोटरी गेली. एकटा झोपला होता, उघड्यावर.
मग माझ्याकडे न बघता:
"त्यातली एखादी माणसाळलेली होती का?
असली तर बरं. हाकेला येते.
काम लवकर होतं."

क्लॅरी मागच्या सीटवर डोळे मिटून.
मी म्हटलं, अंधार होता.

तिने मान हलवली. विश्वास ठेवला असं नाही.
मग आमचं चाक बदललं, न बोलता,
आणि सापळे घेऊन क्रीककडे गेली.

क्लॅरीचा अंगठा अजून वळत नाही.
डबे मी फोडते.
तेल सिंकमध्ये ओतते
आणि वरून पुष्कळ वेळ पाणी सोडते.