तिसरा खिळा

पाट्या पत्र्याच्या. शून्य ते नऊ, दोन जोड,
निळ्यावर पांढऱ्या, माझ्या बापानं रंगवलेल्या.
एका जोडीतला सात जरा वाकडा,
तो रंगवताना खापरखेड्याची राख
उडून त्याच्या डोळ्यात गेली होती.

डोमाजी खोब्रागडे, स्कोअरबोर्डवाले.
कोळसाखाणीतून रिटायर झाले, शिडीवरून नाही.

कन्हानच्या अलीकडे, बायपासला लागून,
तुरीचं शेत संपून प्लॉटचे दगड सुरू होतात
तिथं आमचं स्टेडियम. एकच बाजू बांधून झाली,
दुसऱ्या बाजूनं बाभळी उभ्यानंच मॅच बघतात.
मोसमात शनिवार टीमचा. बाकी दिवस
ज्याला लागेल त्याचे.
पोलीस भरतीची पोट्टी पहाटे पाचला छाती फुटेस्तोवर पळतात,
शमीम आपा गुडघ्यासाठी उलट्या चालतात,
पायऱ्यांवर वाळते भिवापुरी मिरची
आणि प्रॅक्टिसमध्ये अकील गोलकीपर ओरडतो,
"बॉल सुटला तं सुटला बे, मिरचीवर नाई गेला पायजे!"

ऐझॉलहून आलेला स्ट्रायकर
पहिल्याच सावजीनंतर दोन मॅच बाहेर बसला.
तिसऱ्या मॅचला तीन गोल.
भोजनालयात अजून त्याचा फोटो आहे,
तेलकट, गल्ल्याच्या वर.

बोर्डावर दोनच शब्द: आम्ही. पाहुणे.
मालक बदलला की टीमचं नाव बदलायचं,
तीनदा बदललं. बाप ब्रश धुऊन म्हणाला,
"आम्ही, एवढंच लिहितो.
आम्ही काई विकल्या जात नाई."

मग तो मे.
नवतपा लागायचा होता, डांबर आधीच मऊ.
मॅच बंद, गेट बंद,
आणि रस्त्यानं माणसं. हैदराबादेकडून, पायी.
डोक्यावर बॅग, बॅगेवर पोरगं,
जबलपूर किती राह्यलं, एवढंच विचारणारी.
बेनेडिक्ट माळ्यानं कोणाला न विचारता कुलूप काढलं.
गवताचे फवारे त्या संध्याकाळी
पायांवर चालले. पेनल्टी बॉक्सात
बायका बसून फोड धूत होत्या.

वस्तीतून भाकरी येणार, पण किती थापायच्या?
फोन लागेना. बाप शिडी चढला.
बोर्ड आमच्या सगळ्या गल्ल्यांतून दिसतो.
पाहुणे: ४१.
पाहुणे: ६०.
मग ९९, त्यातला एक नऊ आमच्या जोडीतला.
मग तो तिथंच थांबला. खिळे दोनच.

"पोरी, खिळा पाह्य."
मला सापडला तो गोलच्या जाळीचा हूक,
डाव्या कोपऱ्यातला. तोच ओढून दिला.
दगडानं ठोकला त्यानं. एकशे सात. एकशे साठ.
गल्लीगल्लीत बोर्ड बघून तवे चढत होते.
रात्री अकराला दोनशे बारा.
पहिला दोन पाहुण्यांचा, शेवटचा आमचा.
"आम्ही"पुढं त्या रात्री काहीच नव्हतं.

सकाळी ते गेले. मैदानात
मुरमुऱ्यांच्या रिकाम्या पिशव्या आणि एक लहान चप्पल.
बापानं पाट्या उतरवल्या, खिळा नाही.

आता शिडी मी चढते. बाप खालून सांगतो,
जणू मला आकडे येत नाहीत.
गोव्याचा कॅप्टन परवा हसून म्हणाला,
पाहुण्यांना तीन खिळे? शंभर गोल खायचा विचार आहे का?
मी म्हटलं, खाल्ले आहेत.
तो पुढं काही बोलला नाही. मीही नाही.

शनिवारी हरलो.
दुसरा गोल जाळीच्या त्याच सैल कोपऱ्यातून निसटला,
जाहिरातीच्या फळीवर आपटला, रेफरीनं हात हलवला: बाहेर.
स्टँड नाचलं. बाभळीही, वारा होता.
अकील उठला, गुडघ्याची माती झाडली,
आणि रेफरीकडे चालत गेला.
"झाला होता जी. आतूनच गेला."
लोकांनी त्याला काय काय म्हटलं, ते मी लिहीत नाही.

बाप खालून म्हणाला, "लाव."
पाहुण्यांचा एक काढला, दोन लावला.
पत्रा तापलेला होता, बोटं भाजली.