फेरपालट

तासगावात, मार्केट यार्डाच्या वळणावर
सत्तावीस वर्षं मी भुरीची औषधं विकली.
बाटली पुढं सरकवताना सांगायचो,
तेच तेच मारू नका, गट बदला.
आणि त्यानं तेच मागितलं की तेच द्यायचो.
गल्ल्याला गट नसतो.

आज मिरजेत, डॉक्टर मगदूम बाईंच्या टेबलावर
रत्नप्रभेच्या फुप्फुसाचे दोन फोटो:
श्रावणातला, जवळजवळ कोरा.
आणि हा, माघातला.
चौदा महिने एक गोळी, उपाशीपोटी.
एकदाही चुकली नाही.

"त्याला सवय झाली का गोळीची?"
मी विचारलं, गिऱ्हाईक विचारतं तसं.
"सवय नाही," बाई म्हणाल्या,
"गोळीनं कुणाला काही शिकवलं नाही.
लाखांत एखादी पेशी आधीच तशी असणार,
कुलपाची खाच जरा वेगळी.
या किल्लीनं बाकीच्या गेल्या,
हिला रान मोकळं झालं."

रान मोकळं.
मला मणेराजुरीचा तो द्राक्षाचा प्लॉट दिसला,
पानं धुतल्यासारखी, मालक पेढे घेऊन आलेला,
आणि एका पानाच्या पाठीवर
पिठाचं बोट लागावं एवढा डाग.
डोस वाढवा, म्हणालो होतो.
मीच म्हणालो होतो.

आत्ताही तेच म्हणालो.
बाईंनी मान हलवली.
रक्त पुण्याला जाणार, खाच कुठली ते कळणार,
मग दुसरी किल्ली, नाहीतर दोन एकदम.
काही पेशी म्हणे आत आलेलं औषध
पंप लावल्यागत उपसून टाकतात,
काही हमरस्ता सोडून बांधाबांधानं जातात.
"आणि सगळ्याच मारायच्या असंही नाही.
कुठं कुठं गरीब पेशी थोड्या राखून बघतायत,
माजलेल्यांना जागा मिळू नये म्हणून.
अजून प्रयोगच आहेत ते."

रत्नप्रभा इतका वेळ गप्प होती.
"म्हणजे बागेतलं गवत
मुळासकट काढायचं नाही," ती म्हणाली.
बाई पेन ठेवून तिच्याकडं बघत राहिल्या.

कवलापूरला तिनं गाडी थांबवायला लावली,
ओल्या शेंगा घेतल्या, दोन फोडल्या,
एक खवट निघाली, थुंकली,
तिसरी फोडली.

संध्याकाळी दुकानात एक पोरगं,
"मागचंच द्या."
मी शिडी लावून वरच्या फळीवरचं काढलं.
"हे नको. तेच पाहिजे. नसंल तर समोरून नेतो."
ने, म्हटलं.
शिडीवरनं उतरायला जरा वेळ लागला.
गुरुवारी रक्त द्यायचंय.