मोजा

"मोजा घालता येत नाही,"
पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली.
एका पायावर उभं राहिलं की पुढचं हाड
मधोमध टरकतं, जुन्या चादरीसारखं.
आवाजसुद्धा येतो. खरंच येतो.
मी म्हटलं, येतो.

क्लाक्सविकला जूनमध्येही लोकरीचे मोजे लागतात.
रान्वा मासळीच्या कारखान्यात होती,
आठ-आठ तास उभी, साल्मनचे काटे उपसत.
आता बार्दुर चार महिन्यांचा,
त्याचा बाप सहा आठवडे ट्रॉलरवर,
आणि घराला अकरा पायऱ्या.
बाळाला पोटाशी धरून
ती त्या बसून बसून उतरते.

तोर्सहावनच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला,
म्हणाले, हाडं ठीक आहेत.
मग बिघडलेली मीच,
असं तिला ऐकू आलं.

मी तिला उताणं निजवलं.
पाय उचला.
टाच गादीवरून वीतभरही सुटेना.
मग दोन्ही खुब्यांवर तळवे ठेवले,
पिंपाला कडं बसवावं तसे आवळले.
आता उचला.
पाय वर आला,
जणू कुणी दुसऱ्यानंच उचलला.
ती छताकडे बघत राहिली.
डोळ्यांतलं पाणी ओघळून कानांत गेलं.
"म्हणजे मनाचे खेळ नव्हते हे."
नव्हते.

कंबर कसली की माणूस लढाईला निघतो म्हणतात.
मी तिची कंबर कसली, रुंद पट्ट्यानं,
नुसती भांड्यांपाशी उभी राहता यावी म्हणून.

सासू सुन्नुवा बाहेर विणत बसलेली.
"आम्ही दहाव्या दिवशी गवत कापायला गेलो होतो."
मी वाद घातला नाही.
रविवारी चर्चच्या पायऱ्या ती उलटी उतरते,
कठडा धरून, एकेक,
चाळीस वर्षं.
बघून न बघितल्यासारखं करायला गाव शिकलंय.

गुडघ्यांत चेंडू. श्वास सोडताना दाबा.
मोजा.
कूस बदलताना गुडघे एकत्र,
दोघी बहिणी एका शालीत असाव्यात तसे.
मोजा.
काही आठवडे पुढे, काही मागे.
एकदा बाळगाडी चढावर ढकलली
आणि तीन दिवस ती पलंगावर.
त्या मंगळवारी ती माझ्यावर ओरडली.
मी चहा ठेवला.

बहिणीच्या लग्नात रात्रभर साखळी धरून नाच झाला,
दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे.
डावं पाऊल तिचं वैरी.
ती भिंतीशी उभी राहिली, सगळ्यांचे कोट घेऊन,
आणि पोवाड्याची कडवी मात्र
सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणाली.

नोव्हेंबरात, वारा दार उघडू देत नव्हता त्या सकाळी,
ती आली, बूट काढले.
डाव्या पायात राखाडी मोजा.
उजवा पाय उघडा, गारठून लाल.
"उभ्यानं घातला," ती म्हणाली. "कशालाही न धरता."
आणि दुसरा?
"दुसऱ्याच्या वेळी बार्दुर उठला."

मी तिच्या कागदावर तारीख घातली
आणि खाली लिहिलं:
मोजा, एक.