ळचा सराव

डंडीतल्या पहिल्याच आठवड्यात
त्यानं माझ्या पेट्री डिशवर स्वतःचं लेबल चिकटवलं.
चुकून, म्हणाला.
मी मेल लिहिला, त्यात 'चुकून' अवतरणात घातलं
आणि अख्ख्या विभागाला कॉपी केलं.
तिथून सुरू.

रूअरी मॅक्लाख्लन. करप्याचा माणूस.
मीही करप्याचीच, बटाट्यावरच्या.
("आमची शर्वाणी तिकडे सडके बटाटे बघते,"
आई शेजारी सांगते, आणि ते खोटं नाही.)
तो म्हणायचा, कधी मारायचं ते रोग ठरवतो.
मी म्हणायचे, पान ठरवतं.
यावर तीन वर्षं, दोन निबंध,
आणि मायक्रोस्कोपच्या वहीत
एकमेकांची खाडाखोड केलेले गुरुवार.

मला तो 'डॉक्टर पाल्सूल' म्हणायचा.
पळसुले, मी सांगायचे. जीभ वळव, टाळूला लाव.
तो ल म्हणायचा. सपाट, ओला, टे नदीच्या चिखलासारखा.
त्याच्या आडनावातला ख घशातून यायला हवा,
घोरल्यासारखा, तो सांगायचा.
मी मुद्दाम साधा ख म्हणायचे.

मग जानेवारीत रात्री दोन वाजता
दोघांच्या फोनवर एकच निरोप आला:
उणे ऐंशीचा फ्रीझर उणे एकेचाळीसवर.
मी पोचले तर तो आधीच तिथे,
कोटाखाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा,
पायांत दोन वेगळे बूट.
मी त्याचे खोके आधी उचलले.
चांगुलपणा नव्हे, ते दाराशी होते.
त्यानं माझे उचलले.
माझे तळाशी होते,
गुडघे टेकून, कोपरापर्यंत बर्फात हात घातल्याशिवाय
निघणारे नव्हते.
ही गोष्ट मला त्या रात्री दिसली,
कळली मार्चमध्ये.

पहाटे चारला जमिनीवर बसून
मशीनमधला भयंकर चहा पिताना त्यानं विचारलं,
आपल्यासारख्यांना तुमच्या भाषेत काय म्हणतात?
विळ्या-भोपळ्याचं सख्य, मी म्हटलं.
यातला विळा कोण?
त्यावर अजून संशोधन चालू आहे.
तो हसला. मी नाही हसले.
म्हणजे, लगेच नाही.

करप्याचं असं असतं:
पहिले दोन दिवस तो पानात नुसता राहतो.
काही मोडत नाही, काही मागत नाही.
वरून बघाल तर पान हिरवंगार.
यावर माझी पीएचडी आहे.
तरी वहीत एका गुरुवारी
त्यानं स्वतःचं नाव खोडून माझं लिहिलं
तेव्हा मी तक्रारीचा मेल लिहायला घेतला
आणि 'तक्रार'च्या पुढे
मला काही सुचेना.

आंघोळ करताना मी ख म्हणून पाहिला.
खालच्या मजल्यावरच्या मिसेस पिटकेथलींनी विचारलं,
खोकला झालाय का गं?

मे महिन्यात परिसंवाद. चाळीस माणसं,
माझी सातवी स्लाइड, तिसऱ्या रांगेत त्याचा हात वर.
उभा राहिला. घसा साफ केला. म्हणाला,
"डॉक्टर पळसुले इथे साफ चुकतायत."

पळसुले.
जीभ वळलेली, टाळूला लागलेली,
ळ असा गोल, घट्ट, जणू
लहानपणापासून त्याच्या तोंडात वाढलेला.
पुढे तो चार मिनिटं बोलला,
माझे आकडे कसे कच्चे आहेत त्याबद्दल.
मी एकही शब्द ऐकला नाही.
नंतर कळलं, रोज फाइफहून येताना
पूल संपेपर्यंत गाडीत तो म्हणत असे
विळा, भोपळा, विळा, भोपळा,
आणि टोलनाका कधीच बंद झालेला असूनही
तिथे काच खाली करून एकदा मोठ्यानं.

माईक माझ्या हातात होता.
सगळे उत्तराची वाट बघत होते.
मी म्हटलं, धन्यवाद, डॉक्टर मॅक्लाख्लन.
ख घशातून.
तो खाली बसायचं विसरला.

उत्तर दिलं मी नंतर. सात मुद्दे.
बंदरावरच्या बाकावर,
त्याच्या कागदातले चिप्स खात खात.
पाचव्या मुद्द्याला तो अजून मानत नाही.