पान्याची मूठ

विनिपेग. उणे एकतीस.
खड्ड्यात गुडघाभर पाणी, काठावर त्याचाच बर्फ.
ओरेस्ट झडप आवळतो,
पाना सटकतो, खांदा भिंतीवर.
शिवी युक्रेनियन, आजोबांची.

सिग्रून वर उभी. हातात वही नाही,
थर्मासात ऊब धरून ठेवलेला चिकणमातीचा गोळा.
"मोजा काढू नकोस. रोज धरतोस तसं धर."

वर्कशॉपात ती ठसा दिव्याखाली फिरवते:
अंगठा खोल, तर्जनी तिरकी,
करंगळीच्या जागी माती
जशीच्या तशी, गुळगुळीत.

त्याने कधी सांगितलं नव्हतं.
तिनेही विचारलं नाही.
फक्त मुठीच्या टोकाला एक ओठ काढला,
घसरता हात अडेल एवढाच.

मार्चमध्ये तो नवा पाना तोलत म्हणाला,
"जड आहे."
आणि परत दिला नाही.