एकशे बारावा मणी

गारगोटीची पूड, खार, तांब्याचा कीस
पाण्यात कालवायचा, गवताच्या काडीवर वळायचा.
वाळताना मण्याला घाम फुटतो,
तोच घाम भट्टीत काच होतो, निळी.
काडी जळते. तिच्या जागी भोक राहतं.

हे सगळं इन्शिराह मला सांगते
लिष्टच्या वाळूत पालथी पडून,
ब्रशनं एकेक मणी उघडा करत.
दोरा केव्हाच कुजला,
मणी मात्र ओळ सोडायला तयार नाहीत.

गळा लहान. सहा-सात वर्षांचा असेल.

संध्याकाळी ती ओवायला बसते, नायलॉनवर.
एकशे बाराव्याशी सुई अडते.
भिंगाखाली दिसतो काडीचा कोळसा,
चार हजार वर्षांचा, अजून काळा.
आच कमी पडली असेल. किंवा घाई होती.
लहान मुलाचं असलं की घाई असतेच.

कोरता येईल, बारीक सुई आहे तिच्याकडे.

"मग त्यांनी ओवला कसा?"
ती मणी दिव्यापुढे धरते.
अंगावर दोऱ्यानं झिजवलेल्या दोन खाचा.
मानेमागचा मणी, केसांखालचा.
बांधला होता.

इन्शिराह सुई खाली ठेवते,
आणि त्याच खाचांतून
नायलॉनचे दोन वेढे देते.