रकाना क्रमांक चौदा

घोडपदेवच्या त्या चाळीत मी गेलो
तेव्हा डिसेंबरचं ऊन
कठड्यावर वाळत घातल्यासारखं पडलं होतं.
हातोडीनं टकटक करत निघालो, खांबामागून खांब.
पोकळ आवाज आला की खडूनं गोल.
चौदावा रकाना विचारतो:
वनस्पतींची वाढ, आहे की नाही.

बहुतेकदा पिंपळ असतो.
पिंपळाला माफी नाही,
तो तुळई उसवतो, जुनी शिवण उसवावी तशी.
पण इथे तिसऱ्या मजल्यावर, मोरीच्या पाइपाशी,
नखाएवढ्या भेगेत
एकदांडी.

वीतभर दांडा. वर एकच फूल.
कडेला ताकाचा रंग, मधे हळद.

भेगांची रुंदी मोजायचं भिंग आहे माझ्याकडे,
मिलिमीटरचा दहावा भाग दाखवतं.
ते फुलावर धरलं, उगाच.
तर ते एक फूल नव्हतंच.
हळदीत बारकी बारकी फुलं दाटीवाटीनं,
प्रत्येकाला आपलं दार,
कुणाचं उघडं, कुणाची अजून आतून कडी.
आणि बाहेर गॅलरीत उभ्या पाच जणी,
प्रत्येकीच्या पदराला तीन दाते.
मोजत गेलो. एक्केचाळिसाला चुकलो.
पुन्हा पहिल्यापासून.

"काय मोजताय?"
घागबाई, हातात अर्धी निवडलेली मेथी.
"भाडेकरू," म्हणालो.
"खोल्या अठ्ठेचाळीस, राहणारे एकवीस.
बाकीच्यांची नुसती कुलपं राहतात."
मग वाकून पाहिलं त्यांनी.
"ही होय! कंबरमोडी.
पोरं मुंडकी उडवायची हिची, टिचकी मारून.
आमचा सुदेश जिन्यावरून पडला तेव्हा
हिचाच पाला चोळला गुडघ्याला.
डागसुद्धा राहिला नाही."
थांबल्या.
"आता नाही येत तो."

नियम असा:
वाढ मुळासकट काढावी, भेग सिमेंटनं बुजवावी.
मी दांडा चिमटीत धरला.
मूळ म्हणजे सुतळीचा एक पीळ,
त्यानं काय उसवणार!
शेजारी मागच्या फुलाचं पिकलेलं डोकं होतं,
माझ्या बोटाचा धक्का लागला त्याला
आणि म्हातारी सुटली.
गॅलरीभर रेंगाळली जरा,
घागबाईंच्या मेथीवर टेकते की काय असं वाटलं,
मग समोरच्या टॉवरकडे गेली,
बत्तिसाव्या मजल्याच्या उघड्या सळयांच्या दिशेनं,
की खालच्या गटाराकडे.
उन्हात नीट दिसलं नाही.

पंधरावा रकाना: उर्वरित आयुष्य.
तो मी नेहमी ऑफिसात भरतो,
पंखा लावून.

चौदाव्यात लिहिलं: आहे.
कोणती, ते विचारलेलं नव्हतं.